म्हैस एप्रिलात कुठं बसते?

रायगडाच्या पायथ्याला पाचाड आहे आणि पाचाडला जिजाऊंचा वाडा आहे. गडावरचा गार वारा उतारवयात आऊसाहेबांना सोसेना, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी खाली हा वाडा बांधला, असं सांगतात. आता तिथं तट, जोती आणि विहिरी उरल्या आहेत. त्यातल्या एकीला ‘तक्क्याची विहीर’ म्हणतात. तिच्या काठाला दगडाचाच एक तक्क्या आहे, पाठ टेकून ऐसपैस बसावं असा. इथं टेकून बसायचं आणि पाण्याला आलेल्या बायाबापड्यांना काय चाललंय, काय हवं-नको ते विचारायचं, असा शिरस्ता होता म्हणे. कुणी महाराजांचं नाव घेतं, कुणी आऊसाहेबांचं. कागदोपत्री पुरावा हवा असेल त्यानं तो संशोधकांकडं मागावा. माझं काम त्या दगडाशी आहे.

कारण दगड खरा आहे, आणि चार माणसांकडून चांगली गोष्ट काढून कशी घ्यावी हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळलेलं आहे. एक तर तो विहिरीवर आहे. ज्या राजाचं बत्तीस मणांचं सिंहासन बखरीत गाजतं, त्याला चार बायकांना वर बोलावणं काय अवघड होतं? हुजऱ्या पाठवायचा, रांग लावायची, ‘स्वामी विचारतायत, बोला’ म्हणायचं. बायका एका सुरात म्हणाल्या असत्या, ‘समदं बरं हाय.’ आणि मग चौदाशेच्या वर पायऱ्या उतरताना खरं काय ते एकमेकींना सांगत घरी गेल्या असत्या. विहिरीवर आलेली बाई सभेला आलेली नसते, पाण्याला आलेली असते. म्हणून ती बोलते. दुसरं म्हणजे तो तक्क्या. पाठ टेकून बसलेल्याला घाई नसते, निदान तसं दिसतं तरी. खुर्चीच्या टोकावर बसून घड्याळ बघणाऱ्याला कुणी घरचं सांगत नाही. फार तर किती वाजले ते सांगतं.

आमच्याकडं आता तक्क्याची जागा माइकनं घेतली आहे.

पाचाडच्या पंचक्रोशीतली एक वाडी घ्या. नाव सांगत नाही. वाडीतली माणसं वाचणारी आहेत आणि शिमग्याला पालखी नाचवायला मला तिथंच जायचं असतं. विषय पाणीटंचाईचा. जूनपासून पुढं आमच्याकडं असा पाऊस पडतो की छत्री ही केवळ सभ्यतेची खूण म्हणून जवळ बाळगायची. पण डोंगर काळ्या दगडाचा आणि उतार उभा. पडलेलं पाणी वाडीकडं वळूनही न बघता ओढ्यातून गांधारीला, गांधारीतून सावित्रीला आणि तिथून थेट समुद्राला. ज्या वाडीत जुलैमध्ये भिंतीला शेवाळ येतं, त्याच वाडीत एप्रिलला टँकरची वाट बघतात. यावर उपाय शोधायला ग्रामसभा.

सभा शाळेच्या वर्गात. बाकं पहिलीच्या पोरांच्या मापाची, त्यामुळं गावातली ज्येष्ठ मंडळी गुडघे हनुवटीला लावून बसलेली. पुढची रांग रिकामी, मागच्या भिंतीला दाटी, दारात आणखी चौघं असे उभे की सभेला आलो असंही म्हणता यावं आणि नाही असंही. मध्यभागी सरपंचताई. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांचे मिस्टर, ज्यांचं पद कुठल्याही कायद्यात सापडत नाही पण ज्यांच्या हातात माइक असतो. पलीकडं ग्रामसेवक भाऊसाहेब, समोर इतिवृत्ताची वही. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं. ते नेहमी कायम होतं, कारण वाचताना कुणी ऐकत नाही. मग भाऊसाहेब म्हणाले, “विषय क्रमांक चार. पाणीटंचाई. कुणाच्या काही सूचना?”

शांतता. एका आबांनी घसा खाकरला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. आबांना फक्त घसाच खाकरायचा होता. शेवटी मागून एक आवाज आला, “स्मशानशेडचं काय झालं?”

स्मशानशेड ही आमच्याकडची सर्व विषयांवरची सूचना आहे. शिक्षणाचा विषय निघो, आरोग्याचा निघो, पाण्याचा निघो. तहानेनं माणूस गेलाच तर डोक्यावर निदान छप्पर असावं, असा त्यामागं दूरचा विचार असेल. त्याखालोखाल पाखाडी, गटार आणि सभामंडप. मिस्टरांनी माइक तोंडाजवळ नेऊन धीर दिला, “बोला, बोला. घाबरू नका.” तोवर कुणी घाबरलेलं नव्हतं. आता प्रत्येक जण विचार करायला लागला की घाबरण्यासारखं नेमकं काय आहे.

‘कुणाच्या काही सूचना?’ हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण ते सभा संपल्याचं निवेदन असतं. त्याचे भाऊबंद बरेच आहेत. ‘शंका आहे का कुणाला?’ यावर हात वर करणारा माणूस सभेला जेवायला उशीर करणारा म्हणून गावभर ओळखला जातो. ‘थोडक्यात बोला’ म्हटलं की माणूस आधी थोडक्यात कसं बोलायचं ते लांबलचक सांगतो. आणि सगळ्यात बेरकी म्हणजे पोटात उत्तर घेऊन येणारा प्रश्न: ‘बंधारा रस्त्याजवळ बांधला तर बरं पडेल, नाही का?’ रस्त्याजवळ का, हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. तिथपर्यंत साहेबांची गाडी जाते. आमच्याकडं दर वर्षी पाऊस ओसरला की वनराई बंधारा होतो. सिमेंटची, खताची रिकामी पोती मातीनं भरायची, तोंडं शिवायची, ओढ्यात आडवी रचायची. काम स्वस्त, श्रमदानाचं आणि खरोखर चांगलं. पण तो बंधारा गेली काही वर्षं जिथं फोटो चांगला येतो तिथं होतो. पाणी जानेवारीत आटतं. फोटो टिकतो.

कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही. कायद्यानं आपल्या परीनं सगळं केलं आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. माणसं आली नाहीत तर पुढच्या खेपेला त्यांची गरजच नाही, इतका समंजस कायदा दुसरीकडं मिळायचा नाही. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायचीही तरतूद आहे. आमच्या वाडीत ती होते. म्हणजे वहीत होते. वही घरोघर फिरते, चुलीजवळ बसल्या बसल्या सही होते, आणि ‘चर्चा होऊन’ हे शब्द भाऊसाहेबांनी आधीच लिहून ठेवलेले असतात.

या कायद्याच्या नावात १९५८ हे साल आहे, आणि मला त्याची गंमत वाटते. अॅलेक्स ऑस्बर्न नावाच्या अमेरिकी जाहिरातवाल्यानं त्याआधीच जगाला पढवलं होतं की माणसं गोळा करा, टीका बंद करा, मनात येईल ते बोलू द्या, कल्पनांचा पाऊस पडेल. ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ ते हेच. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या तिघांनी हे तपासून पाहिलं. चौघांना एकत्र बसवलं आणि दुसरीकडं चौघांना वेगवेगळं बसवून त्यांच्या कल्पनांची बेरीज केली. एकेकट्यांची बेरीज जवळपास दुप्पट निघाली. तिकडं माणसं एकत्र बसली की डोकं कमी चालतं हे सिद्ध झालं, आणि त्याच सालच्या कायद्यानं इकडं आम्हांला एकत्र बसवलं.

ऑस्बर्नची विद्या आमच्यापर्यंत आली ती प्रशिक्षणातून. रंगीत चिठ्ठ्या, जाड मार्कर, भिंतीला चार्टपेपर. पहिली चिठ्ठी ‘प्रशिक्षणाकडून आपल्या अपेक्षा’ अशी. एका सदस्यानं लिहिलं, ‘जेवण वेळेवर मिळावे.’ तीच एक अपेक्षा त्या दिवशी पूर्ण झाली. मग ‘गावाचं स्वप्न’ लिहायला सांगितलं. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्यांवर मिळून परत तेच: पाखाडी, गटार, सभामंडप, स्मशानशेड. फक्त या वेळी रंगीत.

मुंबईकरांची तऱ्हा आणखी वेगळी. महाड-पोलादपूरच्या गावांची मुंबईत मंडळं आहेत, लालबाग-परळला पूर्वापार गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत अख्ख्या गावची माणसं पाळीपाळीनं झोपून गिरणीत जायची. त्या खोल्यांमधून गावाला शाळा मिळाल्या, देवळं मिळाली, हे विसरून चालणार नाही. पण अंतर फार असलं की कल्पना मोठ्या सुचतात. आमच्या वाडीच्या तोंडाशी सिमेंटची भव्य स्वागत-कमान आहे. एप्रिलात टँकर तिच्याखालून येतो. अलीकडं तो अडकत नाही, कारण कमान दुसऱ्यांदा बांधताना उंची कुणीतरी टँकरवाल्याला विचारली.

म्हणजे विचारलं की कळतं. एवढं साधं आहे, आणि रायगडाच्या आख्यायिका वेगळं काय सांगतात?

हिरकणीची गोष्ट महाराष्ट्रात पोराटोरांना पाठ आहे. दूध घालायला गडावर आलेली गवळण, कोजागिरीची रात्र, दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. आपण या गोष्टीत आईच्या काळजाला दाद देतो, आणि द्यावीच. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघा. आजच्या कुठल्याही कचेरीत हे घडतं तर पहिला कागद निघाला असता ‘कारणे दाखवा’चा. दरवाजे बंद असताना बाहेर गेलातच कशा? पहारेकरी निलंबित, गवळण काळ्या यादीत, दूधवाटपाचं कंत्राट दुसऱ्याला. गोष्टीतले महाराज मात्र तिला विचारतात, उतरलीस कुठून? तिचा सत्कार होतो आणि तिथं बुरूज उभा राहतो. गडाची एक कच्ची बाजू दुधाच्या चरवीसकट चालत येऊन सांगून गेली, आणि ऐकणाऱ्यानं ती ऐकून घेतली.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. गड बांधून झाल्यावर दवंडी पिटली म्हणे: दरवाजातून न येता, दोर-शिडी न लावता जो वर चढून येईल त्याला सोन्याचं कडं आणि शंभर होनांची थैली. एक पठ्ठ्या निशाण घेऊन चढला. त्याला कडं मिळालं आणि ती वाट बंदोबस्तात आली. चोरदरवाजा तिथलाच, असं सांगतात. कुणी गोष्ट खोटी म्हणालं तरी मला चालेल. ज्यानं ती रचली त्यालाही एक कळलं होतं. ‘गडाच्या सुरक्षेबाबत कुणाच्या काही सूचना?’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी गड अजिंक्य असल्याचं एकमतानं सांगितलं असतं. बांधणारा हिरोजी तर पायरीवर आपलं नाव कोरून बसला होता. त्याच्यासमोर कोण बोलणार?

तर आमच्या वाडीत पाणलोटाच्या कामासाठी एका संस्थेकडून एक मुलगी आली. मूळची मराठवाड्याची. तिला आमच्या बायका ‘ताई’ म्हणायच्या आणि आज्या ‘बाय’. ग्रामसभेत ती मागं बसली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेली. तिथं खुर्ची नव्हती, म्हणून धुण्याच्या दगडावर टेकली. आणि जे तिच्या डोक्यात आल्यापासून घोळत होतं ते तिनं विचारलं.

“आमच्याकडं सातशे मिलिमीटर पडला तर पेढे वाटतात. तुमच्याकडं तीन हजार पडतो. मग टँकर कशाला?”

बायका हसल्या. खूप हसल्या. या प्रश्नात खोट नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं. सभेत प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, निदान तसा चेहरा तरी असतो. हिच्या चेहऱ्यावर नुसता अचंबा. आणि आपल्या गावाबद्दल कुणाला अचंबा वाटला की त्याला सांगायला माणूस हातातली कळशी खाली ठेवतो. एक कळशी खाली आली, मग दुसरी.

“पडतो, पण थांबतो कुठं?” एक काकी म्हणाल्या.

“कुठंच थांबत नाही?”

“कुठं कुठं थांबतो.”

“कुठं?”

इथं आमचा कुणीही माणूस असता तर वही काढून बसला असता. ती बसली नाही, आणि ते फार बरं झालं. वही उघडली की आमची माणसं शासकीय मराठी बोलायला लागतात. ज्या बाईनं आयुष्यात ‘पाणी’ म्हटलं ती ‘सदर ठिकाणी पाण्याची उपलब्धता आहे’ म्हणते आणि गप्प होते. ही नुसती बघत राहिली. कुणी काही बोलेना तरी बघत राहिली. आपल्याला गप्प बसलेली माणसं सोसत नाहीत, आपण लगेच मध्ये काहीतरी टाकतो. तिनं टाकलं नाही. तेव्हा काठावर कंबर धरून उभ्या असलेल्या एका आजीनं टाकलं.

“पूर्वी डवरं खणायचो आम्ही. ओढ्यात.”

“ओढा तर एवढा लांब. कुठं खणायचं ते कसं कळायचं, आजी?”

आजीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. थट्टा करते की काय, याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, “म्हशीला विचारायचं.”

“म्हशीला?”

“चैतात दावं सोडायचं. म्हस कुठं जाऊन बसते ते बघायचं. कोरड्यात बसेल व्हय ती?”

एवढं म्हणायचा अवकाश, विहिरीवर ग्रामसभेत कधी झाली नव्हती अशी चर्चा झाली. आमची म्हैस उंबराखाली जाते. उंबराखाली नाय, त्याच्या वरल्या अंगाला. तिथं तुमची जाते, आमची खाली वळणावर. वळणावरचा चिखल शिवरात्रीला वाळतो, वरचा पाडव्याला ओला असतो. नाय, पाडव्याच्या पुढंही असतो, माझी बाय त्याच वर्षी झाली तेव्हा मी बघितलाय. तिथं कातळाला पाझर आहे, हात लावला तर गार लागतो. वाडीत सून म्हणून आल्यापासून जिचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला नव्हता, अशी एक पुढं झाली. बोट पाण्यात बुडवून तिनं धुण्याच्या दगडावर ओढा काढला. हे वळण, हा उंबर, ही कातळाची रेघ. ऊन चढलं होतं. खालचं वळण काढेपर्यंत वरचा उंबर वाळून गेला. तिनं पुन्हा बोट बुडवलं आणि पुन्हा उंबर काढला. मुलीनं विचारलं, “आणि रस्त्याजवळच्या बंधाऱ्याकडं कुठली म्हैस जाते?”

“तिकडं साहेब जातात,” काकी म्हणाल्या.

यात जादू काही नाही. आमच्या डोंगरात काळ्या पाषाणाचे थरावर थर आहेत आणि मध्ये कुठं कुठं तांबूस, चिवट मातीसारखा पट्टा असतो. भेगांतून झिरपलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि उताराला जिथं तो उघडा पडतो तिथून पाझरतं. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात याची सुबक आकृती असते. म्हैस आकृती न बघता थेट त्या जागी बसते. वराहमिहिरानं बृहत्संहितेत, सहाव्या शतकात, झाडं आणि वारुळं बघून जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं यावर दकार्गल नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं आहे. उंबर त्यातही आहे. आता वराहमिहिर हा उज्जैनचा ज्योतिषी, तो काही रानोरान गुरं घेऊन फिरला नसणार. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कुणी, ते ग्रंथात नाही.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली आणि पुरुष मंडळींनी नेहमीचा रस्ता पकडला. आधी म्हणाले, “बायकांना काय कळतंय?” मग म्हणाले, “त्यात नवीन काय, सगळ्यांना माहीत आहे.” आणि संध्याकाळी पारावर जो तो म्हणत होता, “मी तर कधीपासून हेच सांगतोय.” चांगल्या कल्पनेला या तीन थांब्यांवर थांबून जावंच लागतं. आमच्या वाडीत तिला एक दिवस लागला. कचेऱ्यांमध्ये म्हणे तीन साहेब बदलतात.

मुलगी मात्र तिथंच थांबली नाही. तिनं विचारलं, “या विहिरीवर कोण कोण येत नाही?” हा प्रश्न मला थोर वाटला, कारण तो आमच्या पंचक्रोशीत फार उशिरा विचारला जातो. तक्क्याच्या विहिरीची गोष्ट मला आवडते, पण ती ऐकताना मनात येतंच: त्या विहिरीवर पाण्याला यायची मुभा कुणाकुणाला होती? पाचाडहून खाली उतरलं की महाड. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं त्याबरहुकूम चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. दोन्ही ठराव उत्तम होते. पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा, आणि त्याचीही किंमत माणसांनी त्याच दिवशी मार खाऊन मोजली. इथं मला विनोद सुचत नाही.

विहिरीवर न येणारी माणसं निघाली ती ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतली. ग्रामसभेच्या नोटिशीवर त्यांच्या वाडीचं नाव असतं, नोटीस मात्र शाळेच्या दाराला असते. मुलगी तिकडं गेली. तिथल्या एका दादांनी म्हशीचं म्हणणं ऐकून घेतलं आणि ते अर्धंच बरोबर ठरवलं.

“म्हस पाझरापाशी जाते, खरं. पर बांध तिथं घालू नका. खेकडं त्याच्याबी खाली जातात.”

“म्हणजे?”

“उन्हाळ्यात खेकडा ओल सोडत नाय. बिळात हात घातला की कळतं, वल किती खोल हाय. पाझराचं पाणी खाली पंधरा पावलांवर येऊन मुरतं. बांध त्याच्या खाली घाला, म्हंजी दोन्ही पाणी धरलं.”

त्या हातानं जन्मभर बिळं चाचपली होती. आमच्या आराखड्यातल्या ‘भूजल’ नावाच्या रकान्यात त्याच्या मनगटाइतकी माहिती कधी आली नव्हती.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं या सगळ्याची फार वर्षांपूर्वी शिस्त लावली आहे. तिथं अभ्यासगट असतो, त्यात नुसतं बोलायचं, समजून घ्यायचं, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सगळ्यांचं जुळेपर्यंत थांबून. आमची पद्धत बरोबर उलटी आहे. आम्ही आधी निर्णय घेतो. मग चहाच्या टपरीवर चर्चा सुरू होते, आणि ती इतकी मुद्देसूद असते की टपरीवाल्याला ग्रामविकास खात्याचा भत्ता मिळायला हवा. कुणी म्हणेल, मग टपरीवरच ग्रामसभा घ्या. घेऊन बघा. माइक आणला की तिथलेही गप्प होतील.

पुढची ग्रामसभा भरली. या वेळी माइक सरपंचताईंनी घेतला. मिस्टरांचा हात सवयीनं पुढं आला, रिकामा राहिला, आणि त्यांनी तो केसांवरून फिरवला. ताईंनी ‘कुणाच्या काही सूचना’ म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, “काकी, पाडव्याला चिखल कुठं होता ते ह्यांना सांगा.” काकींनी सांगितलं. पलीकडच्या वाडीतले दादा दारात उभे होते, त्यांना बाकावर बसवून खेकड्याचं विचारलं. मागच्या भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, “पण स्मशानशेड...” आणि दोघांनी त्याला खाली बसवलं. बंधारा रस्त्यापासून लांब, उंबराच्या पाझराखाली ठरला. साहेबांना चालत यावं लागेल, ही हरकत निघाली. आबांनी घसा खाकरला आणि या वेळी खरोखर बोलले: “मग येतील चालत.”

भाऊसाहेबांनी वहीत लिहायला घेतलं. ‘सदर विषयावर सांगोपांग चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की...’ मग पेन थांबवून विचारलं, “सूचक कोण? अनुमोदक कोण?” पुढच्या बाकावरचे दोघं, ज्यांनी उभ्या जन्मात म्हशीचं दावं हातात धरलं नव्हतं, त्यांचे हात एकदम वर गेले.

“आजीचं नाव लिहा,” सरपंचताई म्हणाल्या.

“माझं कशाला?” आजी मागून म्हणाली. “म्हशीचं घाला.”

वर्ग हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नियमातली अडचण समजावून दिली. “सूचक मतदार लागतो, आजी. तिचं नाव यादीत नाही.”

“आन् ह्या दोघांचं हाय?”

“आहे.”

“मग घाला त्यांचंच,” आजी म्हणाली. “पर बांध घालायच्या आदी त्यांना एकदा तिथं नेऊन बसवा.”